राखीव बळ

घरात गोड बातमी फुटण्याआधीच ती बाईच्या मूत्रपिंडांना कळलेली असते. पाळी चुकते न चुकते तोच रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब थोडा उतरतो आणि मूत्रपिंडांकडे जाणारा रक्ताचा ओघ वाढतो. पहिले तीन महिने सरेपर्यंत त्यांचं रक्त गाळण्याचं काम जवळजवळ दीडपट झालेलं असतं. ती लांबीलाही सेंटिमीटरभर वाढतात. शरीरात मीठ-पाणी राखून रक्त वाढवायचं, तांबड्या पेशी जास्त तयार करा असा निरोप अस्थिमज्जेला धाडायचा, हेही त्यांच्याकडेच. डोहाळ्यांचं कौतुक होतं. या कष्टांची मात्र घरात कुणाला गंधवार्ता नसते.

पण या मूत्रपिंडांना आधीपासूनच दुखणं असेल तर? मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराची खोड अशी की तो सुरुवातीला बोलतच नाही. काही गाळण्या निकामी झाल्या तरी उरलेल्या त्यांचं काम ओढून नेतात. बाई हिंडती-फिरती असते. स्वयंपाक, नोकरी, मुलांची शाळा, सगळं सुरू असतं. आजार आधी खातो ते राखीव बळ. आणि गर्भारपण मागतं तेही नेमकं तेच.

आजार सौम्य असला तर मूत्रपिंडं थोडी तरी उचल खातात. तो वाढलेला असला की गाळण्याचा वेग हवा तेवढा वाढत नाही, कधी वाढतच नाही. रक्त पुरेसं वाढत नाही, तांबड्या पेशी कमी पडतात, उतरायला हवा तो रक्तदाब चढाच राहतो, लघवीतून प्रथिनं जास्त जाऊ लागतात. वारेला रक्तपुरवठा अपुरा पडला की बाळ बारीक राहतं, दिवस भरण्याआधी जन्मतं. काही जणींची मूत्रपिंडं बाळंतपणानंतर पूर्वपदावर येत नाहीत.

आणि रक्ताचा रिपोर्ट फसवतो. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ, ०.९, शेजारी छापलेल्या मर्यादेच्या आत, ठळक अक्षर कुठेच नाही. पण निरोगी गर्भवतीत हा आकडा ०.५-०.६ च्या आसपास उतरलेला असतो. म्हणून एरवी निश्चिंत करणारा ०.९ गर्भारपणात डॉक्टरांना थबकायला लावतो.

मग मूत्रपिंडं दुखरी असलेल्या बाईने आई होऊच नये का? तसं नाही. अमेरिकेतल्या एडिथ हेल्म यांना १९५६ साली बोस्टनमध्ये जुळ्या बहिणीचं मूत्रपिंड बसवलं. मार्च १९५८ मध्ये त्यांना मुलगा झाला. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचं हे पहिलं बाळंतपण मानलं जातं. पुढे असंही दिसलं, की बसवलेलं एकच मूत्रपिंड, नीट चालत असेल तर, गर्भारपणात आपलं काम वाढवतं. मूत्रपिंडं एक की दोन, यापेक्षा बळ किती उरलंय हे महत्त्वाचं.

ते बळ तपासता येतं, आणि तपासायची खरी वेळ दिवस राहण्याआधीची. रक्तदाब, मधुमेह किंवा आधीच्या बाळंतपणात चढलेला रक्तदाब असेल, तर क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं पाहून, डॉक्टरांशी बोलून मग ठरवावं. रक्तदाबाच्या काही गोळ्या बाळाला घातक असतात, त्या वेळीच बदलून घेता येतात. आजार माहीत असला की नऊ महिने नजर ठेवता येते, आणि अशा कितीतरी जणी सुखरूप बाळंत होतात.

"तिचं काय, ती सगळं निभावते," असं कौतुकानं म्हणून आपण मोकळे होतो. तीही दुखणं अंगावर काढते, कारण कुणी विचारलेलंच नसतं. लग्नाला वर्ष झालं की "गोड बातमी कधी?" हे मात्र सगळे विचारतात. त्याआधी "तुझ्या तपासण्या झाल्या का गं?" असं घरातल्या एकानं तरी विचारावं. बाळंतविड्याची तयारी मग सावकाश करता येईल.