फोटो काढायचा तर आधी खाली बसा

इन्स्टावर थायलंडचे फोटो चाळायला लागलं की समुद्रकिनारे आणि रस्त्यावरच्या खाण्याच्या मध्येच कुठेतरी एक चेहरा हमखास येतो. झाडाच्या मुळांनी चारही बाजूंनी वेढलेलं बुद्धाचं दगडी मस्तक. पापण्या झुकलेल्या, ओठांवर अगदी थोडं हसू. धड नाही, हात नाहीत. हा फोटो तुम्हीही बहुतेक पाहिला असेल. पुढच्या वेळी दिसला तर त्या मस्तकाशेजारी फोटोत असलेल्या माणसाकडे बघा. तो जवळजवळ नेहमी खाली बसलेला असतो.

ती पोज नाही, तिथला नियम आहे. बँकॉकच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर अयुथया हे शहर आहे. चौदाव्या शतकात वसलेली, अयोध्येवरून नाव घेतलेली ही सयामची जुनी राजधानी. तिथल्या वाट महाथात या मंदिराच्या अवशेषांमध्ये हे मस्तक आहे. थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे विहार किंवा मंदिर. मस्तकापेक्षा आपलं डोकं वर राहू नये, म्हणून फोटो काढताना खाली बसा, असं पर्यटकांना सांगितलं जातं. थाई लोक डोकं हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग मानतात आणि पाय सर्वांत हीन. मस्तक जमिनीलगतच असल्यामुळे नुसतं वाकून भागत नाही. गुडघे तरी टेकावे लागतात, नाहीतर सरळ मांडी घालावी लागते.

आता समजा, माझा देवावर विश्वास नाही. मूर्तीवर तर नाहीच. मग मी का बसायचं? मनात श्रद्धा नसताना शरीराने ती दाखवणं हा ढोंगीपणा नाही का?

हा प्रश्न खुद्द बुद्धाच्या नावानेही विचारता येतो. सुरुवातीची काही शतकं शिल्पकार बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवतच नव्हते. सांचीच्या तोरणांवर बोधिवृक्ष आहे, रिकामं आसन आहे, चक्र आहे, पावलांचे ठसे आहेत. पण तो स्वतः नाही. आपल्याकडे भाजे लेण्यातल्या चैत्यगृहातही समोर दिसतो तो फक्त स्तूप. ज्याला मूर्तीशिवाय इतकी वर्षं स्मरलं, त्याच्या दगडी डोक्यापेक्षा माझं डोकं दोन फूट वर गेलं तर त्याला काय फरक पडणार आहे?

त्याला काहीच पडणार नाही. पण शेजारी कोणी हात जोडून उभं असेल, त्याला पडेल. ज्याच्या घरी मयत झालंय तिथे गेल्यावर आपला आवाज आपोआप खाली येतो. गेलेल्या माणसाला आपण कधी पाहिलेलंही नसतं. तरी आपण ढोंग करत नसतो. समोरच्याचं दुःख खरं आहे एवढंच कबूल करत असतो. श्रद्धा आणि अदब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रद्धा मागून मिळत नाही. अदब मात्र मागता येते आणि देताही येते, त्यासाठी धर्म बदलावा लागत नाही.

इथपर्यंत सोपं आहे. मराठी माणसासाठी खरी अडचण पुढे आहे.

‘खाली बसा’ हे शब्द आपल्याकडे साधे नाहीत. कोणी ओसरीवर बसायचं आणि कोणी अंगणात, कोणाला पाट आणि कोणाला नुसती जमीन, यावर आपली गावं शतकानुशतकं चालली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यासोबत लाखो लोकांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला, तो ही उतरंड नाकारून. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत भिंतीवर असलेला बुद्ध मान खाली घालायला शिकवत नाही. तो ताठ मानेने जगण्याची खूण आहे. मग त्याच बुद्धासमोर ‘तुझं डोकं खाली ठेव’ असं फलकाने सांगावं, हे कसं वाटतं?

मला वाटतं, याचं उत्तर त्या मस्तकाच्या जागेत आहे. १७६७ मध्ये ब्रह्मदेशच्या सैन्याने अयुथया उद्ध्वस्त केलं. विहार जळले, मूर्ती फुटल्या, राजधानी दुसरीकडे गेली. हे मस्तक मुळांत कसं अडकलं याबद्दल दोन गोष्टी सांगतात. एक अशी, की ते तेव्हाच पडलं आणि ओस पडलेल्या आवारात झाड त्याच्याभोवती वाढत गेलं. दुसरी अशी, की नंतर कुणा चोराने ते विकायला म्हणून पळवलं आणि जड झाल्यामुळे तिथेच टाकलं. कुठलीही खरी माना, हे मस्तक सिंहासनावर बसवलेलं नाही. ते पडलेलं आहे.

जातीच्या बैठकीत मी खाली बसतो तो दुसरं कोणीतरी जन्माने वर राहावं म्हणून. इथे वर कोणीच राहत नाही. राजघराण्यातला असो, भिक्खू असो वा बॅकपॅक घेऊन आलेला पर्यटक, सगळ्यांना तीच जमीन. आणि ज्याच्यासाठी बसायचं, तो आधीच खाली आहे. इथलं बसणं म्हणजे त्याच्या पातळीवर येणं. लहान मुलाशी बोलताना आपण उकिडवे बसतो तसं. फोटो काढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: उभ्याने काढला तर चेहरा वरून चेपल्यासारखा येतो, बसलं की तो समोरासमोर दिसतो.

याच्या उलट उदाहरण आपल्या अजिंठ्यात आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने फिरताना तिथे पोचला आणि दहाव्या लेण्यात त्याने स्वतःचं नाव आणि तारीख कोरली, तीही रंगवलेल्या खांबावर. ‘मी इथे आलो होतो’ हे सांगण्याची घाई मोबाइलपेक्षा खूप जुनी आहे. ते नाव आज आपल्या डोक्याच्याही वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात माती आणि दगडांचा ढिगारा साचला होता आणि साहेब त्यावर उभा होता.

पण अदब मागणं वेगळं आणि तिच्यासाठी तुरुंग दाखवणं वेगळं. २०१२ मध्ये श्रीलंकेत तीन फ्रेंच पर्यटकांनी बुद्धमूर्तीचं चुंबन घेत असल्यासारखे फोटो काढले. गॉलमधल्या फोटो लॅबमधून ते पोलिसांपर्यंत गेले आणि कोर्टाने त्यांना स्थगित तुरुंगवासाची शिक्षा दिली. त्यांचं वागणं बालिश होतं, पाहणाऱ्यांना ते लागलं असणार. तरीही मला ती शिक्षा पटत नाही. तुरुंगाच्या भीतीने माणूस बसतो, पण मग ते बसणं पुन्हा अंगणातलं होतं.

शिवाय मूर्तीचं सर्वांत मोठं नुकसान थट्टेने झालेलंच नाही. अयुथयाच्या त्याच आवारात भिंतीलगत बुद्धमूर्ती ओळीने बसल्या आहेत. मांडी घातलेल्या, हात मांडीवर, खांद्यांच्या वर काहीच नाही. काही डोकी युद्धात फुटली. काही मात्र नंतर कापून विकली गेली, कारण धड जड असतं आणि बाजारात किंमत चेहऱ्याला असते. आज कॅफेच्या काउंटरवर, स्पाच्या दारात, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शोभेसाठी नुसतं बुद्धाचं डोकं असतं. धड कुठे गेलं, हे आपण विचारत नाही. मुळांतल्या चेहऱ्याचा फोटोही असाच फिरतो: नुसता चेहरा, सुंदर, कशाशीही संबंध नसलेला.

म्हणून अयुथयाला कधी गेलात, तर मस्तकाचा फोटो जरूर काढा, बसून काढा. मग उठून त्या बिनडोक्याच्या रांगेकडे जा. तिथे फारशी गर्दी नसते आणि बसा म्हणून कोणी सांगतही नाही.