बरंय ना?

पनवेलला लाइन आळीतून टपाल नाक्यापर्यंत चालत जायला मला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. तेवढ्या वाटेत किमान सहा जण भेटतात आणि सहाही जण एकच प्रश्न विचारतात, "काय, बरंय ना?" मी "बरंय, बरंय" म्हणतो. विचारणारा तोवर चार पावलं पुढे गेलेला असतो. उत्तर त्याच्या पाठीला मिळतं. कुणाचंच काही अडत नाही.

या प्रश्नाचं खरं उत्तर देणारे एकच गृहस्थ आमच्याकडे होऊन गेले. "बरंय ना?" म्हटलं की ते छत्री काखेत मारून उभे राहत आणि उजव्या गुडघ्यापासून सुरुवात करीत. गुडघ्यावरून कंबर, कंबरेवरून पोट. पोटाशी येईपर्यंत विचारणाऱ्याची लोकल चुकलेली असे. पुढे पुढे त्यांना लांबून पाहिलं की लोक वडाळे तळ्याला वळसा घालून जाऊ लागले. गृहस्थ सत्यवचनी होते, पण त्यांच्या सत्याला गिऱ्हाईक नव्हतं.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला आहे. माणसाने प्रश्न विचारला, की उत्तर ऐकून घेण्याचं कर्जही त्याच्या नावावर पडतं का? मी पस्तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे नीतिशास्त्रसुद्धा मला जमाखर्चाच्या भाषेतच सुचतं. बरीच वर्षं माझं उत्तर "नाही" असं होतं. गेल्या पावसाळ्यात ते बदललं. कारण आमच्या मातोश्री.

आई चौऱ्याऐंशीची. सकाळी उठताना तिला चक्कर यायला लागली. हे तिने सांगितलं नाही; कपाट धरून उभी राहिलेली सौ.ने पाहिली. मी तत्परतेने विचारलं, "आई, बरंय ना?" आई म्हणाली, "बरंय." माझ्या दृष्टीने खातं बंद झालं. सौ. कधी बँकेत नव्हती, तरी तोंडी व्यवहार तिला मंजूर नसतो. तिने आम्हा दोघांना रिक्षात बसवलं.

इस्पितळात मी नेहमी आईचा वकील म्हणून जातो. तिने तोंड उघडायच्या आत मी बाजू मांडतो: बीपीची गोळी चालू, साखर नाही, भूक चांगली, झोप चांगली. डॉक्टरांचा वेळ वाचतो. आई भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत बसते. या खेपेला मात्र डॉक्टरांच्या आधी एक सिस्टर आल्या. त्यांनी स्टूल ओढलं, आईच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, काय होतंय? तुमच्या शब्दांत सांगा."

"तिला सकाळी उठताना..." मी सुरुवात केली.

"काका, तुमचं नंतर ऐकते."

"नाही, म्हणजे झोप वगैरे उत्तम आहे, फक्त..."

"काका, बाहेर बाकडं आहे. तिथे पंखा चांगला लागतो."

पस्तीस वर्षं मी काउंटरवरून लोकांना बाहेरच्या बाकड्यावर पाठवलं होतं. त्याचं व्याज असं मिळालं. पंखा खरोखरच चांगला होता. पण मध्ये नुसता हिरवा पडदा होता, आणि माझे कान अजून शाबूत आहेत.

आईने सुरुवात केली ती माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नापासून. बाहेर मला घाम फुटला. लग्नातल्या श्रीखंडावरून ती रोह्याच्या मावशीकडे गेली, मावशीवरून मावशीच्या मोतीबिंदूकडे. सिस्टर मध्ये बोलल्या नाहीत. नुसतं "हं", "मग?" एका जागी आई थांबली. मी असतो तर त्या खड्ड्यात चार शब्द टाकून तो बुजवला असता. सिस्टर गप्प. पंख्याचा तेवढा आवाज. आणि मग आई म्हणाली, "मी दुपारी चारनंतर पाणी पीत नाही गं."

"हं."

"रात्री उठावं लागतं. उठलं की लाइट लावावा लागतो, त्याची झोपमोड होते. एकदा म्हणाला होता, किती वेळा लाइट लावतेस गं! आता मी अंधारातच जाते. गेल्या महिन्यात पडले मोरीत. फार नाही लागलं."

यातला 'तो' म्हणजे मी. ते वाक्य मी कधी बोललो, मला आठवत नाही. आईला आठवतं.

सिस्टरांनी आईला पाच मिनिटं आडवं केलं, बीपी घेतलं. मग उभं करून पुन्हा घेतलं. वरचा आकडा विसाने उतरला तरी दखल घ्यायची असते. आईचा त्याहून जास्त उतरला. अंगात पाणी कमी, त्यात बीपीची गोळी, मग चक्कर येणार नाही तर काय? डॉक्टरांनी येऊन तपासलं, गोळीची मात्रा बदलली. पण निघताना सिस्टरांनी जे विचारलं, ते मी विसरत नाही. "आजी, यातलं मुलाला काय काय सांगू?"

आई म्हणाली, "पाण्याचं सांग. लाइटाचं नको. त्याला वाईट वाटेल."

माझी एक भाची नर्सिंग शिकते. तिला मी विचारलं, हे कुठे शिकवतात? ती म्हणाली, "मामा, याचा पेपर असतो आम्हाला." माणसाशी बोलायचा पेपर! आधी मोकळा प्रश्न विचारायचा, हो-नाहीचे नंतर. आपल्याच्याने गप्प बसवत नसलं तरी बसायचं. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगून "बरोबर ना?" विचारायचं. आणि शेवटी "आणखी काही?" म्हणायला विसरायचं नाही, कारण पेशंट खरी गोष्ट दाराशी गेल्यावर काढतो. हे मात्र मला पटलं. आपल्याकडेही पाहुणा दोन तास हवापाण्यावर बोलतो, आणि कशासाठी आला होता ते चपला घालताना उंबरठ्यावर सांगतो.

मग मी थोडं वाचलं. निवृत्त माणसाला तेवढंच जमतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ सालीच तक्रार करून ठेवली आहे, की रात्र चांगली गेली ना, असं उत्तरासकट विचारू नका. किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी, ते विचारा. म्हणजे आमच्या "बरंय ना?"ला बाईंनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी नापास केलं आहे. १८१६ साली लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने कागदाची सुरळी एका तरुणीच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. त्याच्याही आधी, १७६१ साली, व्हिएन्नाच्या आउएनब्रुगरने छातीवर बोटं वाजवून आतला रोग ओळखायची रीत लिहून ठेवली. त्याचे वडील खानावळवाले. पिंप भरलंय की रिकामं, हे वाजवून कळतं, हे त्याने तिथे पाहिलं असं म्हणतात. आणि आम्ही तर १८७२ साली पनवेलात सुरू झालेल्या धूतपापेश्वरच्या औषधांवर वाढलेले लोक. आयुर्वेदाने रोगी तपासायच्या तीनच रीती सांगितल्या, दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. तिन्हींत प्रश्नाला ना यंत्र लागत, ना वीज. तरी चुकतो तोच. १९८४ साली अमेरिकेत दोघा संशोधकांनी ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडत होते. १८ सेकंदांत आमची आई लग्नाच्या मांडवातही पोचली नसती.

हे ऐकण्या-तपासण्याचं काम नर्सने स्वतंत्रपणे करावं, म्हणून १९६५ साली अमेरिकेत कोलोरॅडोला लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी 'नर्स प्रॅक्टिशनर' घडवायला सुरुवात केली. आपल्याकडेही भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी तसा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आखला आहे. चांगली गोष्ट आहे. माझी एवढीच सूचना, की मुलांसाठीही एखादा काढावा.

तर मूळ प्रश्न. आई "बरंय" म्हणाली ते खोटं. एका अर्धसत्यापायी धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला. मग या खोट्यापायी कुणाचा रथ टेकावा? मला वाटतं, आईचा नव्हे. जे उत्तर मी प्रश्नातच भरून तिच्या हातात दिलं, तेच तिने मला परत केलं. ठेव माझी, पावती तिची. रस्त्यावरच्या "बरंय ना?"बद्दल माझी तक्रार नाही. तो प्रश्न नव्हेच, तो नमस्कार आहे. त्याला खरं उत्तर देत बसलं तर पनवेलकर कामावर पोचायचे नाहीत. पण तोच नमस्कार घरात आणून मी त्याला विचारपूस म्हणत आलो, हा अपहार झाला. आणि हेही खरं, की आईलाही काही गोष्टी माझ्यापासून लपवायचा हक्क आहे. सिस्टरांनी तो राखला. त्यांनी मला पाण्याचंच सांगितलं. लाइटाचं मी चोरून ऐकलं. आता ते मला ठाऊक आहे, हे आईला सांगू कसं?

म्हणून मीच खोटं बोललो. पॅसेजमध्ये आणि मोरीशी दोन छोटे दिवे लावले आणि जाहीर केलं, "हल्ली मला रात्री अंधारात नीट दिसत नाही." दिवे आता रात्रभर जळतात. आई संध्याकाळचं पाणी पिते. चक्कर थांबली.

फक्त माझ्या डोळ्यांची बातमी आळीभर झाली आहे. टपाल नाक्यापर्यंत सहाही जण आता "डोळे बरे आहेत ना?" विचारतात आणि चार पावलं पुढे जातात. काल रात्री मात्र आईने मला खुर्चीत बसवलं, स्वतः समोर स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "काय होतंय डोळ्यांना? तुझ्या शब्दांत सांग."

"बरंय गं," मी म्हणालो.

"हं," आई म्हणाली, आणि उठली नाही.