पक्ष्यास वियोगाचें दुःख होतें काय?

पुणें शहराच्या बुधवार पेठेंत, तुळशीबागेंत, रामाचें देऊळ आहे. तेथें ज्या रामकथेचें कीर्तन पिढ्यान्‌पिढ्या होत आलें, तिच्या आरंभीं एका पक्षिणीचा आक्रोश आहे. व्याधानें क्रौंचांच्या जोडप्यांतील नर मारिला, मादी विलाप करूं लागली, आणि तो ऐकून वाल्मीकीच्या मुखांतून पहिला श्लोक निघाला, असें सांगतात. त्या कथेंतील इतर गोष्टी आपण मानूं अथवा न मानूं. परंतु तिच्यांत एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या खेड्यांतील कोंबड्या-बदकें पाळणाऱ्या प्रत्येक घरास लागू आहे. पांखरास खरोखर दुःख होतें काय, कीं आपलेंच दुःख आपण त्याच्या तोंडीं घालितों?

कित्येक बंधु म्हणतील, पांखराला कसला शोक? दाणा टाकला कीं विसरलें! आम्हीही पुष्कळ दिवस असेंच समजत होतों. परंतु हंसांविषयीं विद्वानांनीं जें बारकाईनें पाहून ठेविलें आहे, तें वाचल्यावर तसें म्हणवत नाहीं.

युरोपांतील पाळीव हंस हा करड्या रानहंसाचा वंशज होय. हिंवाळ्यांत भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर उतरणारा पट्टकादंब हा त्याचाच भाऊबंद. ऑस्ट्रिया देशांतील कोनराड लोरेंझ यांनीं या करड्या हंसांच्या संगतींत कित्येक वर्षें घालविलीं. इ. स. १९७३ त ज्या तिघां पंडितांस नोबेल पारितोषिक विभागून मिळालें, त्यांत ते एक होते. अंड्यांतून निघालेलें पिलूं प्रथम जें कांहीं हालतांना पाहतें, त्यालाच आई समजून त्याच्या मागें लागतें, मग ती हंसी असो वा दाढीवाला मनुष्य असो, हें त्यांनीं दाखवून दिलें. पुढें नरमादी जोडी बांधितात, आणि ती बहुधा वर्षानुवर्षें टिकते. जोडीदार नाहींसा झाला म्हणजे मागें राहिलेला हंस त्यास हांका मारीत हिंडतो. मग मान खालीं पडते, डोळे खोल जातात. आणि ज्यांस तो पूर्वीं हुसकावून लावीत असे, त्यांच्यापुढून आतां मुकाट्यानें पळ काढितो. ज्यांनीं आपल्या गांवांत नुकतीच विधवा झालेली बाई पाहिली असेल, त्यांस याहून अधिक सांगावयास नको.

त्याच देशांत ग्र्यूनाऊ येथें पुढें हंसांच्या शरीरांत लहान यंत्रें बसवून त्यांच्या काळजाचे ठोके मोजले. मेघगर्जनेनें किंवा जवळून गेलेल्या गाडीनें ते जितके वाढले, त्याहून अधिक आपल्या कळपांतील भांडण पाहतांना वाढले. आणि भांडणारा आपला जोडीदार किंवा आपल्या घरचा असला तर त्याहूनही अधिक. बाहेरून हंस स्वस्थ उभा होता, एवढेंच. दूध आणि पाणी वेगळें करण्याचा जो गुण हंसाच्या अंगीं नाहीं, त्याची आपल्या लोकांनीं इतकीं शतकें वाखाणणी केली, आणि जो आहे त्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं, ही मौजच म्हणावयाची.

तथापि येथें अतिशयोक्ति नको. कांहीं हंस जोडीदार टाकून दुसरीकडे जातात, आणि पुष्कळ विधुर हंस कालांतरानें पुनः जोडी करितात. मनुष्याच्या शोकांत उद्यांची चिंता असते, बोललेल्या शब्दांचा पश्चात्ताप असतो. तें सर्व हंसाच्या ठायीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ओझें मोजतां येत नाहीं म्हणून तें नाहींच असें कसें म्हणावें?

आतां आपल्या दारचें बोलूं. बाजारांतून एखादें हंसाचें पिलूं एकटेंच आणिलें, तर तें कुत्र्यास, कोंबडीस अथवा घरच्या मुलास आपलें मानितें. पाळीव हंस वीस वर्षें आणि त्याहूनही अधिक जगूं शकतो. म्हणजे आपण विरंगुळा म्हणून जें आणिलें, तें आपल्या मुलाचें लग्न होईपर्यंत आपणांस बांधलेलें राहणार. कोणी टाकून दिलेला हंस दयेनें घरीं आणणारासही हेंच लागू आहे. दाणा-पाणी दिलें कीं काम संपलें असें होत नाहीं, त्यास सोबतही लागते. पैशांची नड पडून जोडींतील एकच विकावा लागला, तर त्या गरिबास आम्ही दोष देणार नाहीं. पण दोन दिवसांनीं उरलेला हंस दाराशीं ओरडूं लागला म्हणजे त्यास काठी मारूं नये.

उत्तर प्रदेशांत अमेठी जिल्ह्यांतील एका शेतकऱ्यास इ. स. २०२२ त शेतांत पाय मोडलेला सारस सांपडला. त्यानें त्याची शुश्रूषा केली. पक्षी बरा झाला, उडूं लागला, तरी गेला नाहीं; तो मनुष्य मोटारसायकलवर निघाला कीं हा वरून त्याच्याबरोबर उडे. पुढें मार्च २०२३ मध्यें वन खात्यानें त्यास नेलें, कारण सारस हा इ. स. १९७२ च्या कायद्यानें रक्षिलेला रानपक्षी आहे, तो कोणास पाळतां येत नाहीं. कायदा वाईट नाहीं; तो नसता तर किती सारस पिंजऱ्यांत पडले असते! पण या एका पक्ष्याचें हित कशांत होतें, याविषयीं आमच्या मनाचा अजून निश्चय होत नाहीं. त्यास आधीं समसपूरच्या पक्षी अभयारण्यांत आणि मग कानपूरच्या प्राणिसंग्रहालयांत ठेविलें. एप्रिलांत तो शेतकरी भेटीस गेला, तेव्हां त्यास पाहतांच पक्षी पंख फडफडवीत आवारांत उड्या मारूं लागला.