दुखऱ्या पायाचे म्हणणे

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही एकवीस किलोमीटरच्या शर्यतीचा सराव सुरू केला, तेव्हा पन्नाशी ओलांडून तीन वर्षे झाली होती. 2011 साली सुरू झालेली वसई-विरारची मॅरेथॉन आम्ही आजवर रस्त्याच्या कडेला उभे राहूनच पाहिली होती. या खेपेस रस्त्यावर उतरायचेच, असा निश्चय केला आणि पहाटेच्या काळोखात भुईगावच्या किनाऱ्याकडे धावू लागलो.

नवव्या आठवड्यात उजवी नडगी दुखू लागली. प्रथम ती धावताना दुखे आणि थांबल्यावर शांत होई. पुढे रात्री झोपेतही ठणकू लागली. नडगीवर बोट फिरवावे, तर नेमक्या एकाच जागी कळ यावी. पत्नी म्हणाली, "अहो, पाय काहीतरी सांगतोय, ऐका जरा." आम्ही मलम चोळले, पट्टा बांधला, वेदनाशामक गोळी घेतली आणि धावलो. इतकेच नव्हे, तर (सांगावयास संकोच वाटतो) ते दुखणे आम्ही सकाळच्या प्रार्थनेत अर्पणही करून टाकले!

अखेर डॉक्टरांकडे जावेच लागले. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, एमआरआयमध्ये मात्र हाडाला बारीक भेग आढळली. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. त्यावर ताण वाढला, की शरीर तेथील जुना भाग काढून नवा भरू लागते. काढण्याचे काम लवकर होते, भरण्याचे सावकाश. गवंड्याने भिंतीतील जुन्या विटा काढाव्यात आणि नव्या बसण्यापूर्वीच मालकाने वर मजला चढवावा, तसे आम्ही दर आठवड्याला अंतर वाढवीत गेलो होतो. आठ आठवडे धावणे बंद. शर्यत सहा आठवड्यांवर होती.

त्या सक्तीच्या विश्रांतीत एका प्रश्नाने आम्हांस पुष्कळ छळले. दुखत असताना थांबणे हा भ्याडपणा की शहाणपण?

1992 सालच्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये चारशे मीटरच्या उपान्त्य शर्यतीत ब्रिटनच्या डेरेक रेडमंडच्या मांडीमागचा स्नायू फाटला. तो लंगडत पुढे निघाला. त्याचे वडील जिम प्रेक्षकांतून धावत मैदानात आले आणि त्यांच्या खांद्यावर डोके टेकून रडत रडत त्याने अंतर संपविले. मदत घेतल्यामुळे शर्यत पुरी केल्याची नोंद काही त्याच्या नावे झाली नाही. पण सारे स्टेडियम उभे राहिले. 2004 साली अथेन्समध्ये पॉला रॅडक्लिफ ही मॅरेथॉनची तेव्हाची विश्वविक्रमी धावपटू सुमारे छत्तीस किलोमीटरनंतर थांबली आणि रस्त्याच्या कडेला बसून रडली. पायाच्या दुखापतीसाठी घेतलेल्या औषधांनी तिचे पोट बिघडले होते. तिच्या देशातील काही वृत्तपत्रांनी तिला अर्ध्यावर सोडून देणारी म्हणून हिणविले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली आणि पुढच्या वर्षी हेलसिंकीत जागतिक अजिंक्यपदही.

एकाला टाळ्या आणि दुसरीला दूषणे का? दोघांच्याही डोळ्यांत पाणीच होते. आम्हांस वाटते, आपण प्रेक्षक मंडळी वेदनेचे नव्हे, तर अंतिम रेषेचे भक्त असतो. रेडमंडचा स्नायू आधीच फाटला होता आणि स्पर्धा हातची गेली होती; जे घडून गेले ते त्याने सोसले, आणि दुसऱ्याचा हात धरण्यात कमीपणा मानला नाही. आमचे तसे नव्हते. आमची इजा अजून घडत होती आणि ती घडविणारे आम्हीच होतो. त्याला सोसणे म्हणावे कसे?

दुखले की थांबावे, असा नियमही करता येत नाही. तसे केले असते, तर आमच्या आयांनी पाठ दुखते म्हणून विहिरीचे पाणी ओढले नसते आणि आम्ही तहानलेले राहिलो असतो. पण त्यांच्या दुखण्यातून घरात पाणी येत होते. आमच्या नडगीतून कोणाच्या घरात काय येणार होते? एक पदक, आणि रविवारी मिस्सानंतर चर्चच्या अंगणात चार माणसांनी पाठीवर दिलेली थाप. त्या थापेला आम्ही त्यागाचे नाव दिले होते.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी धर्मग्रामाच्या क्रीडास्पर्धांसाठी आम्ही मुलांचा सराव घेत असू. त्यांतला एक मुलगा नडगी दुखते म्हणून दोनदा थांबला. "नाटके करू नकोस," असे आम्ही सर्वांदेखत त्याला बोललो. तो धावला. दुसऱ्या दिवसापासून मात्र आला नाही, आणि आम्ही त्याला आळशी ठरवून मोकळे झालो. परवा तो आपल्या लहान मुलीला घेऊन चर्चबाहेर भेटला. आमच्या हातातील काठी पाहून त्याने विचारपूस केली. आम्ही त्याला भेगेची हकिकत सांगितली आणि मग, पुष्कळ उशिरा का होईना, त्याची क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, "सर, मी विसरूनही गेलो होतो." पण कोणता पाय, हे त्याला अजून आठवत होते. डावा.

शर्यतीच्या सकाळी आम्ही कोपऱ्यावर पाण्याचे पेले वाटले. आता डॉक्टरांनी रोज दहा मिनिटे चालावयास परवानगी दिली आहे. आज नडगी मुळीच दुखली नाही. अकराव्या मिनिटाचा मोह झाला, तेव्हा केळीच्या वाडीपासून मागे फिरलो.