त्या खोलीत कोण बसतं?

पुणे

चि. ऋता,


तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. समुपदेशन केंद्राच्या दारावरची पाटी, तिच्यावर चार नावं, प्रत्येक नावापुढे पदव्यांची रांग, आणि खाली वेळ ११ ते ४. म्हणजे तुम्ही सगळी लेक्चर-प्रॅक्टिकलमध्ये अडकलेली असता नेमकी तेव्हाची! तू विचारतेस, ही माणसं आत बसून करतात काय, आणि गेलंच तर यातल्या कोणाकडे जायचं? तुझ्या रूममेटने तर निकालच दिलाय, 'त्या बाई नुसतं हं हं करतात.' मी निवृत्त होईपर्यंत अशाच एका खोलीत बसून हं हं केलेलं आहे, तेव्हा उत्तर द्यायला मीच हवी. फोनवर ते मावणार नाही, म्हणून पत्र.

आधी पाटी वाचू. पहिल्या बाई एम. ए. आहेत, समुपदेशन मानसशास्त्र घेऊन. कॉलेजांत बहुतेक ठिकाणी हीच पदवी दिसते. दोन वर्षांचा अभ्यास आणि त्यातच एखाद्या शाळेत, संस्थेत किंवा दवाखान्यात कोणाच्या तरी देखरेखीखाली केलेलं प्रत्यक्ष काम. परीक्षेची धास्ती, होस्टेलवर न लागणारं मन, मोडलेलं प्रेम, भलतीच शाखा घेतल्याची रुखरुख, हे सगळं त्यांच्या रोजच्या कामातलं. दुसऱ्या नावापुढे एम. फिल. आणि आरसीआयचा नोंदणी क्रमांक आहे. या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. एम. ए. नंतर आणखी दोन वर्षं रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात राबलेल्या. आज ज्याला आपण निम्हान्स म्हणतो, त्या बंगळुरूच्या संस्थेत १९५५ मध्ये अशा प्रशिक्षणाची पदविका सुरू झाली, तेव्हापासूनची ही परंपरा. भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजेच आरसीआयकडे, नोंद असल्याशिवाय त्यांना हे नाव लावता येत नाही. हात पुन्हा पुन्हा धुवावे लागतात, नसलेले आवाज ऐकू येतात, महिनोन् महिने अंथरुणातून उठवत नाही, अशा वेळी पहिल्या बाई तुला या दुसऱ्या बाईंकडे पाठवतील. चौथे, फक्त गुरुवारी येणारे, ते मानसोपचारतज्ज्ञ. एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचारात एम. डी. केलेले डॉक्टर. औषध लिहून देतात ते हेच. बाकी तिघींनी गोळीचं नाव सुचवलं तरी समज की काहीतरी गडबड आहे.

तिसरं नाव मी मुद्दाम मागे ठेवलं. एम. एस. डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदवी. विद्यार्थी ही पदवी पाहतात आणि पुढच्या नावाकडे वळतात. माझ्या मते चौघांत सर्वांत कमी वापरली जाणारी आणि सर्वांत उपयोगी बाई तीच. मनाच्या तक्रारीचं मूळ दर वेळी मनातच असतं असं नाही. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्ती अडकली आहे, मेसवाला बिलासाठी सगळ्यांदेखत हटकतो, वडिलांनी कर्ज काढून फी भरली आणि मुलगा दोन विषयांत नापास, मजल्यावरची मुलं जातीवरून टोमणे मारतात. या मुलाला झोप येत नाही, हे खरं. पण त्याला दीर्घ श्वास घ्यायला शिकवून शिष्यवृत्ती जमा होत नाही. समाजकल्याणच्या कार्यालयात कोणाला फोन लावायचा, रॅगिंगची तक्रार कशी लिहायची, वॉर्डनशी कोणत्या सुरात बोलायचं, हे तिला शिकवलेलं असतं. आमच्याकडे अशी एक बाई होती. तिच्या टेबलावर मानसशास्त्राचं एकही पुस्तक नसे, अर्जांचे नमुने मात्र गठ्ठ्याने.

आता पदवी कितपत धरायची? अमेरिकेतल्या कार्ल रॉजर्सचं उदाहरण घे. कॉलेजातलं समुपदेशन केंद्र आज जसं आपण ओळखतो, त्याला वळण लावणाऱ्यांत याचं नाव फार वर आहे. जन्म १९०२ चा. कॉलेजात गेला तो शेतीशास्त्र शिकायला. तिथून इतिहासाकडे वळला, मग धर्मोपदेशक व्हायला न्यूयॉर्कच्या सेमिनरीत दाखल झाला, आणि तिथून मानसशास्त्राकडे आला. पुढे बारा वर्षं रॉचेस्टरमध्ये अडचणीतल्या मुलांसाठी काम केलं. १९४२ मध्ये त्याने एक पुस्तक लिहिलं आणि त्यात एका माणसाबरोबरच्या सगळ्या बैठकी ध्वनिमुद्रित करून शब्दशः छापल्या. तोवर बंद दाराआड काय चालतं हे समुपदेशक सांगेल तेवढंच जगाला कळायचं. याने ते कागदावर उघडं मांडलं. १९४५ मध्ये शिकागो विद्यापीठात त्याने समुपदेशन केंद्र उभं केलं. तिथे त्याच्याबरोबर काम करायला आलेला युजीन जेंडलिन मूळचा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होता. तुझ्या रूममेटला खटकणारं ते हं हं या रॉजर्सच्या घराण्यातलं. समोरच्याच्या आयुष्याचा जाणकार तो स्वतःच असतो, आपण सल्ला देण्याची घाई करायची नाही, असं त्याचं म्हणणं.

त्याच्या अगदी उलट अल्बर्ट एलिस. पदवी व्यवसाय प्रशासनाची, हौस कादंबऱ्या लिहिण्याची. त्या काही छापल्या गेल्या नाहीत, आणि १९५५ च्या सुमाराला त्याने विवेकनिष्ठ विचारसरणीवर उभी अशी स्वतःची उपचारपद्धती मांडली. मुंबईच्या किशोर फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार ठेवून ही पद्धत आपल्याकडे आणली, आणि १९९० मध्ये ठाण्यात आयपीएच ही संस्था सुरू करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णींनी ती मराठीत घरोघरी पोहोचवली. या घराण्यातली बाई हं हं करणार नाही. 'नापास झाले तर सगळं संपलं' असं तू म्हणालीस की ती विचारेल, 'सगळं म्हणजे काय काय? यादी कर.' काहींना हा उलटतपास रुचत नाही. मला स्वतःला तो रॉजर्सच्या शांततेपेक्षा जवळचा वाटतो, पण तो माझा स्वभाव झाला.

तेव्हा शेतीतून आलेला, कॉमर्समधून आलेला, तत्त्वज्ञानातून आलेला, सगळे चालतात, पण नंतर रीतसर शिकून आणि कोणाच्या तरी हाताखाली काम करून आलेले. आपल्याकडे 'समुपदेशक' या नावाला बराच काळ कोणतंच कुंपण नव्हतं. सुट्टीत शिबिर करून परतलेले लोक सोमवारी पाटी लावून बसायचे, अजूनही बसतात. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने समुपदेशकांना नोंदणीच्या कक्षेत आणलं आहे. पण तुझ्यासमोर बसलेल्या बाईंना तू आजही थेट विचारू शकतेस, 'मॅडम, तुमचं शिक्षण काय? सध्या तुमचं काम कोण तपासतं?' दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. चांगल्या समुपदेशकाच्या वर एक ज्येष्ठ माणूस असतो, ज्याच्यापुढे ती नाव न सांगता अवघड केस मांडते आणि 'इथे माझं काय चुकतंय' हे तपासून घेते. या प्रश्नाने ज्या बाई दुखावतात, त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जायची गरज नाही.

आत काय होतं, तेही ऐक. पहिल्यांदा एक फॉर्म भरून घेतात: झोप, भूक, घरी कोण कोण, आधी कुठे उपचार झाले का. कधी नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली देतात, पीएचक्यू-९ नावाची. गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं, अशा धाटणीची. तिच्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. तो वाचून दचकू नकोस, सगळ्यांनाच विचारतात. असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट कोणीतरी सरळ विचारलं म्हणून सुटका झाल्यासारखी बोलणारी मुलं मी पाहिली आहेत. बैठक पाऊण तासाची, फार तर पन्नास मिनिटांची. खुर्च्या समोरासमोर न ठेवता जरा तिरक्या ठेवतात, म्हणजे नजर चुकवायची झाली तर खिडकीकडे पाहता येतं. घड्याळ तुझ्या पाठीमागच्या भिंतीवर असेल, कारण मनगटाकडे बघणाऱ्या माणसासमोर कोणी रडत नाही. मराठीत बोल. नांदेड-धाराशिवकडून आलेली मुलं पहिली दहा मिनिटं इंग्रजी वाक्यं जुळवण्यात घालवायची आणि 'छातीत धडधडतंय' इतकं म्हणायला त्यांना तिसरी बैठक उजाडायची.

उरलेल्या वेळात ही माणसं काय करतात, ते बाहेरून दिसत नाही. नोंदी लिहायच्या. फर्स्ट इयरच्या मुलांसमोर सभागृहात बोलायचं, जिथे मागच्या चार रांगा मोबाइलवर असतात. शिक्षकांना पटवायचं की सतत गैरहजर राहणारा प्रत्येक मुलगा माजलेला नसतो. हजेरीत सवलत मिळावी म्हणून पत्र मागायला येणाऱ्यांतला खरा कोण आणि हुशार कोण, ते ओळखायचं. (हुशारांनाही मी बसवून घ्यायची, दोन वाक्यांनंतर बरेचदा खरं बाहेर यायचं.) कोणा विद्यार्थ्याचा जीव गेला तर त्याच्या खोलीतल्या, मजल्यावरच्या, बाकावरच्या मुलांना एकेक करून भेटायचं. याबद्दल अधिक लिहीत नाही. २०२२ मध्ये देशात तेरा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि राज्यवार यादीत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असलाच पाहिजे. काही हजार मुलांच्या कॉलेजात 'किमान एक' म्हणजे किती अपुरं, ते तू इंजिनिअर होणार आहेस, तूच हिशेब कर. तुमच्याकडे चौघं आहेत, हे बरंच म्हणायचं. त्यातली किती जणं कंत्राटावर आहेत, हेही कधीतरी विचार.

तुझी खरी भीती मात्र शेवटच्या ओळीत होती: घरी कळवतील का? नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, आणि जिला तो कायदा थेट लागू होत नाही त्या समुपदेशकालाही व्यवसायाची नीती तेच सांगते. तू अठरा पूर्ण केली आहेस, तेव्हा आई-बाबांना सांगायचं की नाही हे तुझ्या हातात. अपवाद आहेत, आणि ते पहिल्याच दिवशी तुला सांगितले गेले पाहिजेत. तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला, तर समुपदेशक गप्प बसणार नाही. पण जीव वाचवण्यापुरतंच आणि वाचवू शकेल त्यालाच सांगेल. तुझी रूममेट अजून सतरा वर्षांची आहे ना? तिच्या वयाच्या मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं. न्यायालयाने मागितलं तर प्रश्न वेगळा. आणि मुलांना एक भीती हमखास असते, म्हणून लिहिते. जीव द्यायचा प्रयत्न केला हे सांगितलं तर पोलिस केस होईल, असं त्यांना वाटतं. त्याच २०१७ च्या कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानायचं, त्याला शिक्षा करायची नाही, असं ठरवलं आहे.

प्राचार्यांना मात्र यादी हवी असते. एका वरिष्ठांनी आमच्याकडे 'वीक स्टुडंट्स'ची नावं मागितली होती, चांगल्या हेतूने, पालकसभेत बोलता यावं म्हणून. आम्ही आकडे दिले: या महिन्यात इतके विद्यार्थी आले, इतके परीक्षेच्या ताणाने, इतके घरच्या कारणाने. नावं दिली नाहीत. ते रागावले, आमची खोली प्रशासनाच्या बाजूला हलवली, जिथे फी भरायची रांग दारापर्यंत यायची. त्या सत्रात येणाऱ्यांची संख्या घसरली. तुमच्या केंद्राचं दार कुठे उघडतं, हे मी फोटोत मुद्दाम पाहिलं. जिन्याच्या मागे दिसतंय. जागा बरी आहे.

जायचं झालं तर पहिल्या बाईंकडे जा. औषधाची किंवा चाचणीची गरज दिसली तर त्याच पुढे पाठवतील, आणि असं पाठवलं म्हणजे तुझं काही भयंकर निघालं, असं नव्हे. दोन-तीन भेटींत जमलं नाही तर बदलून माग. कारण द्यावं लागत नाही, आणि त्यांना वाईट वाटेल म्हणून तू तिथेच बसून राहण्याचं काही कारण नाही. रात्री-अपरात्री काही वाटलं तर ४ वाजता बंद होणारं केंद्र कामाचं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तो फोनमध्ये सेव्ह कर आणि रूममेटलाही दे.

तुझी,
सुमामावशी