गोल अडवणाऱ्याचं कर्म

नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम वाशीहून हार्बर लाइनवर तिसऱ्या स्टेशनाला. २० जानेवारी २०२२ रोजी तिथे महिलांच्या आशियाई चषकात भारत-इराण सामना ०-० असा बरोबरीत सुटला. इराणची गोलरक्षक झोहरे कुदाई हिने त्या दिवशी भारताला गोल करू दिला नाही. मग भारतीय संघात कोरोना पसरला, संघ स्पर्धेबाहेर गेला आणि नियमानुसार तो सामनाच रद्दबातल ठरला. इराणचा गुण गेला. कुदाईने अडवलेल्या चेंडूंचं काय?

फळ पुसलं गेलं तर कर्म उरतं का, हा गीतेचाच प्रश्न. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दिलेल्या आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या प्रवचनांत त्याची फोड आहे. बाहेरून घडतं ते कर्म, त्याला मिळणारी मनाची जोड ते विकर्म. दोन्ही एकजीव झाली की कर्माचं ओझं उरत नाही, त्याचं अकर्म होतं.

याची कसोटी पेनल्टीच्या वेळी लागते. इस्रायली संशोधकांनी २००७ साली २८६ पेनल्टी किकचा अभ्यास प्रसिद्ध केला. मधोमध उभं राहणं फायद्याचं असतानाही गोलरक्षक जवळजवळ दरवेळी डावी-उजवीकडे झेपावले होते. झेप घेऊन गोल झाला तर प्रयत्न दिसतो, उभं राहून झाला तर आळस. फळाची आणि लोकनिंदेची भीती अशी थेट पायांत उतरते.

याच जागी भारतासाठी उभे राहिलेले हैदराबादचे पीटर थंगराज सैन्यात आधी सेंटर फॉरवर्ड होते. गोलमध्ये उभे राहिले आणि १९५६चं मेलबर्न, १९६०चं रोम अशी दोन ऑलिंपिक खेळले. १९६२च्या जकार्ता एशियाडमध्ये आजारपणातून उठून ते अंतिम सामन्यात उतरले. दक्षिण कोरियाला २-१ हरवून भारताने सुवर्ण जिंकलं. निवृत्तीनंतर गोव्यात वास्को क्लबपासून त्यांचं प्रशिक्षण सुरू झालं.

गोलरक्षक प्रशिक्षक झाला की प्रश्न अधिक अवघड होतो. गोलरक्षकाला निदान चेंडूला हात लावता येतो. पाय कुठे रोवायचे, पुढे सरून कोन कधी कमी करायचा, हे प्रशिक्षक महिनोन्‌महिने घोटून घेतो. शिट्टी वाजली की तो रेषेबाहेर. आयुष्यभर स्वतःच्या हातांवर विसंबलेल्या माणसाला आता दुसऱ्याच्या हातांवर विसंबायचं असतं. तरी त्याचं ते उभं राहणं रिकामं नसतं. त्याचं काम शिष्याच्या अंगात उतरलेलं असतं.

यातून जबाबदारी सुटत नाही. आसक्ती सोडायची, हिशेब नाही. गोल झाला तर चूक शोधावीच लागते, पण ती फलकावर न शोधता खेळाडूने काय पाहिलं आणि काय ठरवलं यात शोधावी लागते. कुदाईचा खेळही त्याच मापाने मोजायला हवा. सामना रद्द झाल्याने तो उणा होत नाही.

वाशीच्या एखाद्या मैदानात सरावाला आलेली मुलगी पेनल्टीला जागेवर उभी राहिली आणि चेंडू कोपऱ्यातून आत गेला, तर प्रशिक्षकाने ‘उडी का नाही मारलीस?’ हे आधी विचारू नये. मारणारीची धाव आणि टेकवलेला पाय तिने पाहिला होता का, हे विचारावं. पाहून ठरवलं असेल, तर पुढच्या पेनल्टीलाही तिला उभं राहायची मोकळीक द्यावी.