स्वतःच्या नावावरचं खत

कापूरहोळला महामार्ग सोडून एक रस्ता भोरकडे वळतो, दुसरा नारायणपूरवरून सासवडला, संत सोपानकाकांच्या समाधीकडे जातो. अशा रस्त्यांनी देवदर्शनाला निघालेले कितीतरी जण मनात स्वतःवरचाच राग घेऊन जातात. त्यांचा विचार करताना मला तुकोबा फार जवळचे वाटतात. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पत्नी अन्नावाचून गेली. ती हार, ती लाज त्यांनी अभंगात लपवली नाही. विठ्ठलासमोर जशीच्या तशी ठेवली. परंपरा सांगते, घरच्या कर्जखतांतला निम्मा वाटा त्यांनी भाऊ कान्होबांना दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत बुडवला. लोकांकडचं येणं आपण कधीतरी सोडतो. स्वतःकडून मात्र वर्षानुवर्षं वसुली चालूच ठेवतो. स्वतःच्या नावावरचं असं एखादं खत आज विठ्ठलासमोर उघडून बघाल?